शिल्लक

डब्यात किती उरलंय हे ओळखण्याच्या आपल्याकडे पूर्वापार पद्धती आहेत. तेलाचा डबा हलवून बघतात, गॅसचं सिलिंडर उचलून बघतात, साखरेच्या डब्यात सरळ डोकं घालतात आणि नवऱ्याच्या खिशात काय उरलंय हे त्याच्या चेहऱ्यावरून वाचतात. या कुठल्याच पद्धतीला दाद न देणारी एकच वस्तू माझ्या पाहण्यात आहे. ती म्हणजे दम्याचा पंप.

हा पंप आमच्या घरात आईचा. गडचांदूर म्हणजे चुनखडीचा आणि सिमेंटचा मुलूख. धुळीला नावं ठेवावीत, तर अर्ध्या गावाच्या चुली त्याच धुळीवर पेटतात. म्हणून आई थंडीला नावं ठेवते.

पंपाची जन्मकथा मोठी गोड आहे. अमेरिकेतल्या रायकर कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या तेरा वर्षांच्या मुलीला दमा होता. केसांवर मारायच्या फवाऱ्यासारखं माझं औषध का नाही, असं तिनं वडिलांना विचारलं आणि 1956 साली पंप बाजारात आला. पण त्यात उरलं किती, हे कोणी विचारलं नसावं. अशा नव्या पंपांवर आकडा दिसायची सोय असावी, अशी शिफारस अमेरिकेच्या औषध प्रशासनानं केली ती 2003 साली. सत्तेचाळीस वर्षं! आमच्या बँकेत सत्तेचाळीस मिनिटं पासबुक भरून मिळालं नाही तर लोक साहेबाच्या केबिनमध्ये शिरतात.

आकडा नसलेला पंप बेमालूम खोटं बोलतो. लेबलावरचे दोनशे पफ संपले तरी आत ढकलणारा वायू थोडा उरलेला असतो. दाबलं की फुस्स होतं, गारवा लागतो, पण त्यात औषध किती आलं याची शाश्वती नाही. खात्यात पैसे नसताना चेक वटल्याचा नुसता आवाज यावा, तसं. आमच्या शेजाऱ्यांनी डबी पाण्यात टाकून बघायला सांगितलं: बुडली तर भरलेली, आडवी तरंगली तर रिकामी. ही परीक्षा भरवशाची नाही, आणि पाणी शिरून तोंड चोंदतं ते वेगळंच.

राहता राहिला हिशेब. रोजच्या पंपात 120 पफ, सकाळी दोन, संध्याकाळी दोन, म्हणजे तीस दिवस. इतकं गणित बी. कॉम. न होताही येतं. धाप लागल्यावर घ्यायच्या पंपाला मात्र असा नेम नाही, त्याची प्रत्येक वेळी नोंद ठेवावी लागते. मी कॅलेंडरवर रेघा मारायला लागलो.

"कायले मोजून राह्यला रे?" आई म्हणाली. "माया श्वास का बँकेतले पैसे हायेत?"

खरी अडचण पुढेच आहे. शिल्लक कमी म्हटलं की आई काटकसर करते. दोनाच्या जागी एक पफ घेते आणि रात्रभर उशीला टेकून बसते. सांगावं तर श्वास कमी होतो, न सांगावं तर ज्याचं खातं त्यालाच शिल्लक कळत नाही. हे बँकेच्या कुठल्याच नियमात बसत नाही. माणसाला स्वतःचं उरलेलं किती हे कळायलाच हवं का? आणि कळू नये असं दुसऱ्यानं परस्पर ठरवावं का? नचिकेत यमाच्या दारात जाऊन बसला, पण त्याला दमा नव्हता.

आमच्या काउंटरवर एक पेन्शनर म्हातारे येतात. पासबुक पुढं सरकवतात आणि म्हणतात, "किती हाये ते नका सांगू साहेब. दिवाळीपर्यंत पुरन का, तेवढं सांगा." पहिल्यांदा मला हसू आलं होतं. आता मी त्यांना खुर्ची देतो.

आईशी माझा तसाच करार झाला आहे. रेघा मी माझ्या डायरीत मारतो. वीस पफ उरले की नवा पंप कपाटात, साड्यांच्या घडीखाली ठेवून देतो, आणि ठेवल्याचं तिला सांगतो. आकडा तिनं विचारला तर खरा सांगायचा, हेही ठरलंय. ती विचारत नाही. रात्री दिवा मालवायच्या आधी फक्त म्हणते, "पुरते ना रे?"

"पुरते."

मग ती दोन पफ घेते. पूर्ण दोन. मी पलीकडच्या खोलीतून मोजतो.