विसावा कोणाच्या वाट्याला?



रविवारची सुट्टी जणू कायमच होती, असे आपल्याला वाटते. पण मुंबईच्या गिरणी कामगारांना ती झगडून मिळवावी लागली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून ही मागणी लावून धरली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ती मान्य केली. पुढच्याच वर्षी पोपमहोदय लिओ तेरावे यांनी ‘रेरूम नोव्हारूम’ या परिपत्रकात कामगाराच्या रविवारच्या विश्रांतीचा आग्रह धरला.

आता प्रश्न पुढे गेला आहे. आठवड्यात कामाचे दिवस किती असावेत? राज्य शासनाच्या कार्यालयांत २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आला; त्या बदल्यात रोजची वेळ वाढली. पण दिवाळीच्या सुमारास आपल्या भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांचे काय? उचल आधीच घेतलेली असते. कोयता एक दिवस थांबला, मग अंगात ताप का असेना, की खाडा धरला जातो आणि पैसे कापले जातात.

‘थोडी विश्रांती घ्या’ असे त्यांना सांगणे सोपे आहे. पण ज्या विसाव्याने चूल विझते, तो विसावा कसला? निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात पाहा. सातव्या दिवशी इस्राएली लोकांनी थांबावे म्हणून देवाने सहाव्या दिवशी दुप्पट मान्ना दिला. आधी भाकरीची सोय, मग विश्रांतीची आज्ञा. आणि अनुवादाच्या पाचव्या अध्यायात ती आज्ञा घरधन्यापुरती नाही. दास, दासी, परका आणि बैल, सर्वांना ती लागू आहे.

बैलाचे आपल्याला कळते. पोळ्याला आपण त्याच्या मानेवर जू ठेवत नाही. काम केले नाही म्हणून त्या दिवशी त्याची वैरणही कापत नाही. उलट पुरणपोळी भरवतो. मग माणसाचाच खाडा का?

तेव्हा आपल्या घरी सालगडी असेल, धुणेभांड्याला कोणी येत असेल, तर आठवड्यातून एक दिवस पैसे न कापता त्यांना मोकळा द्यावा. आणि रविवारी मिस्साहून परतल्यावर आपल्या स्वयंपाकघरातही डोकावावे. ‘मला सुट्टी हवी’ असे ज्याला म्हणता येत नाही, त्याच्या विसाव्याचा दिवस आधी ठरवावा, आपला त्यानंतर.

प्रभू तुम्हां सर्वांना आशीर्वाद देवो.

आपला,
धर्मगुरू