राखण बारमाही, काळजी मात्र पावसाळ्यापुरती

आष्टी तालुक्यात ज्वारी पोटऱ्यात आली, पहाटेचा गारठा वाढला, की घरोघरी एक समजूत पक्की होते: थंडी पडली, आता गोचीड मेले. पावसाळ्यात कुत्र्याच्या कानात आणि बैलाच्या मानेखालच्या पोळीत गोचीड शोधणारा माणूस मग होळीपर्यंत तिकडे फिरकत नाही. ही समजूत खोटी आहे. तिचा भुर्दंड मुक्या जनावरांना सोसावा लागतो, म्हणून तिच्याविरुद्ध स्पष्ट बोललं पाहिजे.

आपल्याकडची थंडी गोचीड मारण्याइतकी कडक नसतेच. पहाटे पारा 10-12 अंशांवर उतरतो, पण दुपारी 28-30 अंशांचं ऊन असतं. एवढ्यानं गोचिडाची वाढ फार तर मंदावते. कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड तर माणसाच्या घरातच संसार थाटतो. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी अंगावरून गळते, भिंतीच्या भेगेत किंवा चौकटीमागे शिरते आणि हजारांनी अंडी घालते. त्यातून निघालेली पिल्लं कुत्र्यावर चढतात, रक्त पिऊन उतरतात, कात टाकतात आणि पुन्हा चढतात. अधल्यामधल्या काळात ती कित्येक महिने उपाशी तग धरतात. म्हणून अंगावर दहा दिसले, तर भिंतीत त्याच्या कितीतरी पट आहेत असं समजावं.

त्यात हिवाळ्यात आपण मायेनं जे करतो, तेच गोचिडाच्या पथ्यावर पडतं. कुत्र्याला ऊब म्हणून जुनं गोणपाट टाकतो आणि ते महिनोन्महिने उचलत नाही. गोठ्याला ताडपत्र्या लावून वारा अडवतो. जनावरं धुणं बंद होतं, केस दाट होतात, त्यांच्या मुळाशी चिकटलेला गोचीड दिसत नाही. ऊब द्यायलाच हवी. पण ते गोणपाट आठवड्याला उन्हात टाकायला आणि झटकायला पैसा लागत नाही.

गोचीड नुसतं रक्त पीत नाही, रोग सोडून जातो. कुत्रं खाणं टाकतं, तापानं फणफणतं, हिरड्या पांढऱ्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं, कधी लघवी गडद होते. आपण याला ‘गोचीड ताप’ म्हणतो आणि वेळेत उपचार झाले तर पुष्कळ कुत्री वाचतात. संकरित गाईंना थायलेरियासिस होतो: गाठी सुजतात, दूध आटतं, गाय दगावतेही. दुधाच्या पैशावर किराणा भरणाऱ्या घराला हा घाव साधा नाही. माणूसही सुटत नाही. क्रायमियन-काँगो तापाची लागण आपल्या देशात पहिल्यांदा सिद्ध झाली ती अहमदाबादजवळ, जानेवारी 2011 मध्ये, म्हणजे ऐन हिवाळ्यात. हा ताप जनावरांवरच्या गोचिडांमार्फत येतो. गोचीड नखावर चिरडण्याची सवय म्हणूनच सोडली पाहिजे.

आता मुद्दा धर्माचा. याच थंडीत मार्गशीर्ष येतो. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य होतो, त्यातला घास आपण कुत्र्याला घालतो. दत्तजयंतीला ज्या तसबिरीला हार घालतो, तिच्यात दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात. तसबिरीतल्या कुत्र्याला हळदकुंकू आणि दारातल्या कुत्र्याच्या कानात गोचिडांचा घोस, ही भक्ती कोणत्या देवाला पोचेल? गाडगेबाबांनी मुक्या प्राण्यांना अभय देणं हाच देवधर्म सांगितला आणि हातात खराटा घेऊन गावं झाडली. दया आणि झाडलोट ही दोन कामं त्यांनी वेगळी मानली नाहीत. गोचिडाच्या बाबतीत तर ती एकच आहेत.

कुणी म्हणेल, दुष्काळी मुलूख, माणसाच्याच औषधाला पैसा नाही, तिथं कुत्र्याचं काय घेऊन बसलात? गरिबी खरी आहे. पण रोज हात फिरवून कान, बोटांमधल्या फटी आणि शेपटीची मुळं बघायला खर्च येत नाही. भिंतीच्या भेगा लिंपायला माती लागते, चुन्याचा हात मारायला थोडा चुना. दिसलेला गोचीड चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढावा आणि साबणाच्या पाण्यात बुडवून मारावा. बिडीचा चटका, रॉकेल, डिझेल हे उपाय जनावराला भाजतात. कपाशीवरचं कीटकनाशक तर कधीच लावू नये. जनावर ते चाटतं आणि मरतं. कुत्र्याचं परमेथ्रिनवालं औषध मांजराला प्राणघातक ठरतं. औषध पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारूनच आणावं आणि गाय दुभती असेल तर दूध किती दिवस वापरायचं नाही, हेही तिथंच विचारावं.

दिवाळीनंतर आपल्या तालुक्यातल्या ऊसतोड टोळ्या कारखान्यांकडे निघतात. बैल, शेळ्या, कधी कुत्रंही बरोबर जातं. पाचटाच्या कोप्यांच्या तळावर अनेक गावांची जनावरं एकत्र बांधली जातात आणि गोचीड एकावरून दुसऱ्यावर जातात. पहाटे फडात शिरणाऱ्या माणसाला याचा दोष देणं अन्याय होईल. ज्यांचा ऊस तो तोडतो, त्या कारखान्यांनी तळावर जनावरांचा डॉक्टर पाठवला पाहिजे. आणि जी कुत्री मागं गावात राहतात, त्यांच्याकडे शेजाऱ्यांनी बघितलं पाहिजे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, 1960 सांगतो की ज्याच्या ताब्यात प्राणी आहे, त्यानं त्याच्या सुस्थितीसाठी आणि त्याला नाहक वेदना होऊ नयेत यासाठी वाजवी ते सारं केलं पाहिजे. या कर्तव्याला ऋतूची अट नाही.

एकट्या घरानं केलेली सफाई मात्र टिकत नाही, कारण कुत्री गावभर फिरतात. म्हणून ग्रामसभेनं हिवाळ्यातला एक दिवस ठरवावा. त्या दिवशी सगळे गोठे झाडावेत, भेगा बुजवाव्यात, पशुवैद्यकाला बोलावून गाई-बैलांबरोबर कुत्र्यांनाही औषध द्यावं, ज्यांना मालक नाही त्यांनाही. दूध संकलन केंद्रांनी खर्चाला हातभार लावावा. दुभती जनावरं निरोगी राहण्यात त्यांचाही फायदा आहे. रात्रभर भुंकून ज्यानं आपलं खळं आणि कोंबड्या राखल्या, त्याचं हे देणं आहे. यंदा चंपाषष्ठीचा घास कुत्र्यापुढे ठेवण्याआधी त्याचे कान उलटून बघा, आणि गोचीड दिसला तर आधी तो काढा.