आधी विचारा, मग पाहा

शांत बसा. दोन्ही तळवे मागे न्या आणि पाठ संपते तिथे, बैठकीच्या जरा वर टेकवा. आत डावीउजवीकडे एकेक सांधा आहे. धडाचा सगळा भार याच दोन सांध्यांतून पायांत उतरतो. तो भार जाणवू द्या.

आता गडचिरोलीतली भाताची रोवणी डोळ्यांसमोर आणा. घोटे बुडतील एवढा चिखल, डाव्या हातात पऱ्ह्यांची पेंडी. बाई दिवसभर वाकलेली. रात्री तिची कंबर ठणकते, आडवं झालं की उतरते. तिचा पंचविशीतला भाऊ मात्र पहाटेआधीच दुखण्याने जागा होतो. उठताना कंबर ताठलेली असते, हिंडलं की मोकळी होते. दोघंही सांगतात, "कंबर दुखते." इथे थोडं थांबा. भावाचं दुखणं कण्याच्या दाहक संधिवाताचं असू शकतं.

या आजारात त्या दोन सांध्यांच्या हाडाच्या मगजात येणारी सूज एमआरआयमध्ये पांढरी दिसते, एक्स-रेत बदल उमटण्याच्या कितीतरी आधी. मग सगळ्यांचाच काढावा, असं मनात येईल. येऊ द्या. जर्मनीतल्या पोमेरानियात ४५ वर्षांखालच्या ७९३ सर्वसामान्य लोकांचा एमआरआय काढला गेला. शंभरातल्या सुमारे १७ जणांच्या या सांध्यांत सूज दिसली. आजार मात्र शंभरात जेमतेम एखाद्याला असतो. धावपटूंच्या, नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांच्या सांध्यांतही ती दिसते. रोवणीवालीच्या सांध्यात दिसली, तर तिला काय सांगाल?

आधी विचारायचं, हे नवं नाही. १९९६ साली पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला डॉ. अरविंद चोप्रांच्या सांधेदुखीच्या पाहणीची सुरुवात घरोघरी विचारपूस करून झाली, तपासणी त्यानंतर. गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेने शोधग्रामचा माँ दंतेश्वरी दवाखानाही आदिवासींना विचारूनच त्यांच्या गावासारखा बांधला. विचारण्याची रीत इथे आहेच.

तेव्हा घरातलं कुणी कंबर दुखते म्हणालं, तर घाई करू नका. कधीपासून दुखते? पडून बरं वाटतं की हिंडून? सकाळी किती वेळ ताठ राहते? पंचेचाळिशीच्या आत सुरू झालेलं, तीन महिन्यांवर रेंगाळलेलं, हिंडल्याने उतरणारं दुखणं असेल, तर डॉक्टर गाठाच. तिथे एमआरआयचा खर्च आणि प्रवास सार्थकी लागू शकतो. बाकीच्यांना एका पांढऱ्या डागाची धास्ती कशाला?