कारखान्यातले वारस

सर्वोच्च न्यायालयाचा १९८८ चा एक निकाल 'नवनीत आर. कमानी विरुद्ध आर. आर. कमानी' या नावाने नोंदलेला आहे. दोन्ही बाजूंना एकच आडनाव. कुर्ल्याच्या कमानी ट्यूब्जची अर्धी कहाणी एवढ्यातच येते. रामजीभाई कमानींनी उभा केलेला उद्योग त्यांच्या पश्चात घरातल्या भांडणांनी खिळखिळा झाला, कारखाना बंद पडला. तो कामगारांच्या सहकारी संस्थेकडे सोपवण्याच्या योजनेला न्यायालयाने या निकालात संमती दिली. युनियनचे नेते डी. थंकप्पन यांनी त्यासाठी जिवाचं रान केलं होतं.

कामगारांनी यंत्रं पुन्हा चालू केली, काही वर्षं चालवलीही. नव्वदीच्या दशकात कारखाना पुन्हा आजारी पडला आणि पुढे अकोला जिल्ह्यातून आलेल्या कल्पना सरोज यांनी तो हाती घेऊन सावरला. त्यांच्या जिद्दीला तोड नाही. पण मधल्या पर्वातून आपण धडा काढला तो असा, की कामगारांना मालकी झेपत नाही. मला हा धडा साफ अमान्य आहे. कामगारांच्या हाती काय आलं होतं? डोक्यावर कर्ज, बंद पडलेली यंत्रं, दुसरीकडे वळलेली गिऱ्हाइकं. खेळतं भांडवल म्हणावं तर नाहीच. सगळं संपल्यावर उरलेलं त्यांना दिलं आणि ते टिकलं नाही म्हणून दोषही त्यांनाच दिला.

धंदा भरात असताना, मालक धडधाकट असताना, त्याच्या मर्जीने मालकी कामगारांकडे गेली तर काय होतं, हे इंग्लंडमध्ये पाहायला मिळतं. जॉन लुईस या लंडनच्या दुकानदाराचा मुलगा स्पेडन. वडील, भाऊ आणि आपण मिळून धंद्यातून जेवढं घेतो, तेवढं बाकीच्या साऱ्या नोकरांना मिळूनही मिळत नाही, हे त्याने हिशेबात पाहिलं आणि ते त्याच्या मनाला लागलं. १९२९ मध्ये त्याने मालकी ट्रस्टकडे वळवायला सुरुवात केली, १९५० मध्ये ते काम पुरं केलं. अलीकडचं उदाहरण ज्युलियन रिचर यांचं. एकोणिसाव्या वर्षी लंडनमध्ये स्पीकर-ॲम्प्लिफायरचं दुकान काढलेला हा माणूस २०१९ मध्ये साठ वर्षांचा झाला आणि त्याने ६० टक्के शेअर कर्मचाऱ्यांच्या ट्रस्टला विकले. शिवाय नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे हजार पौंड कर्मचाऱ्यांच्या हातावर ठेवले.

हे दान नव्हे, विक्री आहे. समजा, एखाद्या कारखान्याची किंमत त्रयस्थ मूल्यांककाने १२ कोटी ठरवली आणि वर्षाचा निव्वळ नफा २ कोटी आहे. कामगाराने खिशातून दमडीही घालायची नाही. कामगारांच्या वतीने ट्रस्ट शेअर घेतो. कंपनी नफ्यातून दरवर्षी सव्वा-दीड कोटी ट्रस्टला देते, ट्रस्ट ते मालकाला देतो. आठ-दहा वर्षांत देणं फिटतं. दरम्यान मालक सल्लागार म्हणून राहतो, जुने पुरवठादार आणि बँकेचे साहेब नव्या माणसांना ओळखू लागतात. मला सर्वांत मोलाची वाटते ती ही मधली वर्षं. कमानीच्या कामगारांना नेमकी तीच मिळाली नाहीत.

धोके आहेतच. किंमत फुगवून लावली तर हप्त्यांच्या ओझ्याने कंपनीच वाकते. मंदी सर्वांनाच गाठते. १९५३ पासून दरवर्षी बोनस देणाऱ्या जॉन लुईसला २०२१ मध्ये तो देता आला नाही. आणि मालकी सर्वांची झाली म्हणून रोजचे निर्णय सर्वांनी घ्यायचे नसतात. व्यवस्थापक कर्तबगार हवा आणि त्याला जाब विचारण्याची सोयही हवी.

आपल्याकडे हा प्रश्न दाराशी आहे. कोल्हापूरच्या शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात फाउंड्री काढणाऱ्यांची पहिली पिढी थकली. मुलगा पुण्यात आयटीत, मुलगी परदेशात, भट्टीपाशी उभं राहायला कुणी नाही. मग जमीन विकायची, यंत्रं भंगारात काढायची. साच्याची वाळू हातात घेऊन ओल किती आहे ते सांगणारा मिस्त्री आणि कोणत्या गिऱ्हाइकाचं बिल कधी अडतं हे तोंडपाठ असणारा सुपरवायझर मात्र वारस म्हणून कुणाच्या मनातही येत नाही.

ब्रिटनने २०१४ मध्ये कायदा करून, अर्ध्याहून अधिक मालकी अशा ट्रस्टला विकणाऱ्याला भांडवली नफ्यावरचा कर माफ केला. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये ही माफी निम्म्यावर आणली, पण तोवर शेकडो कुटुंबांनी हा मार्ग धरला होता. आपल्याकडे मालकाला अशी करसवलत नाही. कर्मचाऱ्यांना शेअर म्हटलं की आयटी कंपन्या आणि स्टार्टअपच आठवतात. केंद्राने ही सवलत द्यावी, सहकारी बँकांनी अशा व्यवहारांना कर्ज द्यावं, ही मागणी उद्योजकांच्या संघटनांनी लावून धरायला हवी. मालकांना मात्र कायद्याची वाट पाहायचं कारण नाही. पन्नाशीतच चार जुन्या माणसांना ताळेबंद वाचायला बसवता येतं, बँकेत जाताना त्यांना सोबत नेता येतं.