टार्गेट आणि अमानत



आपल्या घरातील मुलाला मोठ्या शहरात नोकरी लागली, नियुक्तिपत्र हाती आले, मोहल्ल्यात पेढे वाटून झाले आणि तीन आठवड्यांनी तोच मुलगा बॅग घेऊन दारात उभा राहिला व म्हणाला, "मला ही नोकरी करावयाची नाही," तर आपण त्याला काय म्हणाल? परभणीतील माझ्या एका माजी विद्यार्थ्याच्या घरी हे प्रत्यक्ष घडले आहे. वडील गॅरेजमध्ये राबणारे. मुलाच्या शिक्षणासाठी नातेवाइकांकडून घेतलेली रक्कम अजून फिटावयाची आहे. मुलाला वर्षाला आठ लाखांची नोकरी मिळाली तेव्हा त्या घरात ईदच साजरी झाली होती, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

त्या आठ लाखांपैकी पाच लाख निश्चित होते आणि तीन लाख विक्रीवर अवलंबून होते, हे नियुक्तिपत्राच्या तिसऱ्या पानावर लिहिले होते. पहिल्या पानावर पदाचे नाव होते 'शैक्षणिक सल्लागार'. कंपनी शाळकरी मुलांसाठी ऑनलाइन अभ्यासक्रम विकणारी होती. दारू नव्हे, जुगार नव्हे, सट्टा नव्हे; इल्म विकावयाचे होते. मुलाला वाटले, यापेक्षा अधिक पाक रोजी कोणती असणार?

प्रशिक्षणात त्याला कामाचे खरे स्वरूप कळले. दिवसाला शंभरच्या आसपास फोन, फोनवर प्रत्यक्ष किती मिनिटे बोलणे झाले याची यंत्रावर नोंद, आठवड्याला ठरावीक रकमेची विक्री आणि संध्याकाळी घरोघरी भेटी. घरी गेल्यावर मुलाला त्याच्या इयत्तेहून थोडी अवघड प्रश्नपत्रिका द्यावयाची. मूल आई-वडिलांसमोर अडखळले की थोडा वेळ गप्प बसावयाचे. मग भविष्याचा विषय काढावयाचा, मग किंमत, मग 'केवळ आज रात्रीपर्यंत' असलेली सवलत, आणि पैसे नाहीत म्हटल्यावर मासिक हप्ते. आपण शिकवणीची फी हप्त्याने देत आहोत, अशी वडिलांची समजूत. प्रत्यक्षात मोबाइलवर सही होते ती दुसऱ्याच एका वित्तसंस्थेच्या कर्जावर.

हे एखाद्या कंपनीचे वेगळे वैशिष्ट्य आहे, असे समजू नका. कोविडच्या काळात हा धंदा भरभराटीला आला आणि त्याबरोबर पालकांच्या तक्रारीही वाढल्या. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने अशाच तक्रारींवरून या क्षेत्रातील एका बड्या कंपनीच्या प्रमुखाला पाचारण केले होते.

तिसऱ्या आठवड्यात प्रशिक्षणार्थींना आदर्श विक्रीचा नमुना म्हणून एक ध्वनिमुद्रित संभाषण ऐकविण्यात आले. समोरचा माणूस रिक्षाचालक होता. तो पुन्हा पुन्हा म्हणत होता की, एवढे पैसे माझ्याकडून होणार नाहीत. विक्रेता अत्यंत नम्रपणे, एकही शब्द न चढविता त्याला विचारीत होता की, मुलीने आयुष्यात आपल्यासारखेच राहावे असे आपणांस वाटते काय? शेवटी तो माणूस तयार झाला. वर्गात टाळ्या वाजल्या. माझा विद्यार्थी त्याच रात्री निघाला.

तो मला भेटावयास आला तेव्हा त्याने दोन प्रश्न विचारले. "सर, हे विकणे हराम होते का? की माझ्यातच दम नव्हता?" दुसरा प्रश्न त्याच्या मामांनी विचारला होता, हे मला नंतर कळले. या दोन प्रश्नांनी मला बरेच दिवस स्वस्थ बसू दिले नाही, म्हणून हा लेख.

प्रथम एक सोपे उत्तर बाजूला सारू या. विक्री म्हणजे खोटेपणाच, सज्जनाने त्या वाटेला जाऊ नये, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. इस्लामची ही शिकवण नव्हे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्वतः व्यापार केला, ह. खदीजा (रजि.) यांचा माल घेऊन ते सीरियाकडे गेले. मक्केहून रिक्त हस्ताने मदीनेस आलेल्या ह. अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांना त्यांच्या अन्सारी बंधूंनी आपली अर्धी मालमत्ता देऊ केली, तेव्हा त्यांनी दुआ दिली आणि बाजाराचा रस्ता विचारला. पनीर आणि तूप विकून त्यांनी आरंभ केला. विक्रेता होणे ही आपल्याकडे कमीपणाची गोष्ट कधीच नव्हती.

दुसरे सोपे उत्तर असे की, त्या व्यवहारात व्याजाचे कर्ज होते, म्हणून तो निषिद्ध. व्याजाविषयीचा आदेश स्पष्ट आहे, त्यात मला काही भर घालावयाची नाही. परंतु समजा, त्या रिक्षाचालकाने सगळी रक्कम रोख दिली असती, तर ती विक्री निर्मळ ठरली असती काय? माझ्या मते नाही. आणि ती का नाही, हाच खरा विचार करण्याजोगा भाग आहे.

मदीनेच्या बाजारातील धान्याच्या ढिगाची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. प्रेषितांनी (स.) ढिगात हात घातला, तर बोटांना ओल लागली. विक्रेत्याने सांगितले की पावसाने धान्य भिजले. तेव्हा, मग भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे प्रेषितांनी (स.) विचारले आणि फसविणाऱ्याचा आमच्याशी संबंध नाही असे बजावले. या प्रसंगात त्या विक्रेत्याने धान्य कोरडे असल्याचे कोणाला सांगितल्याचा उल्लेख नाही. त्याने केवळ मांडणी केली होती. कोरडे वर, ओले खाली. म्हणजे फसवणूक होण्यासाठी खोटा शब्द उच्चारावाच लागतो असे नाही. आता ती अवघड प्रश्नपत्रिका आठवा. तीतला प्रत्येक प्रश्न खरा, मुलाचे प्रत्येक चुकलेले उत्तरही खरे. मात्र मुलाला जे येते ते खाली दडविले आणि जे येत नाही ते वर मांडले. ढीग तोच, फक्त उलटा रचला.

कुरआनने एकमेकांची संपत्ती अन्याय्य मार्गाने खाण्यास मनाई करताना परस्पर संमतीच्या व्यापाराला मोकळीक दिली आहे. कंपनीचा वकील म्हणेल, सही आहे, म्हणजे संमती आहे. पण आपल्या लेकीच्या भविष्याविषयी भय घालून, विचार करावयास एक रात्रही न देता, स्वतःच्या गरिबीची लाज वाटावयास लावून जी मान डोलवून घेतली जाते, तिला कुरआनच्या अर्थाने संमती म्हणावे काय? मला तसे म्हणवत नाही. व्यवहारी जगात थोडेफार मन वळविणे असतेच. आपली वस्तू चांगली आहे हे सांगणे गैर नाही. विक्रेता वस्तूचे गुण बोलून दाखवितो तोवर निर्णय गिऱ्हाइकाचा राहतो. तो गिऱ्हाइकाच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवून दाबू लागला, की निर्णय त्याचा राहत नाही.

परंतु या साऱ्याहून मला अधिक खटकले ते पदाचे नाव. ज्याच्याकडे सल्ला मागितला जातो तो विश्वस्त असतो, त्याच्याकडे अमानत सोपविलेली असते, ही प्रेषितांची (स.) शिकवण हदीसच्या ग्रंथांत आली आहे. दुकानदारासमोर आपण सावध असतो. तो विकावयास बसला आहे हे ठाऊक असते, म्हणून घासाघीस करतो, दुसऱ्या दुकानात भाव विचारतो. सल्लागारासमोर आपण ढाल खाली ठेवतो. आपले उत्पन्न, आपली चिंता, मुलाचे गुण, घरातील भांडणे हे सारे त्याला सांगतो. विक्रेत्याला सल्लागार म्हणण्यात कंपनीचा फायदा नेमका हाच आहे. रिक्षाचालकाने आपली अडचण सल्लागाराला सांगितली आणि ती विक्रेत्याने वापरली. अमानतीत खियानत म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

म्हणून मी त्या मुलाला एक कसोटी सांगितली, आणि ती आपल्यापुढेही ठेवतो. समोरच्या माणसाला या वस्तूची गरज नाही हे आपल्याला दिसले, तर "आपण हे घेऊ नका" असे वाक्य आपण उच्चारू शकतो काय? आणि ते उच्चारल्यावर महिनाअखेर आपली नोकरी टिकते काय? टिकत असेल, तर ती विक्री आहे, खुशाल करा, बरकतीची दुआ मागा. टिकत नसेल, तर आपल्याला पगार गप्प राहण्याचा मिळतो आहे.

गप्प न राहिलेल्या एका सहाबींचा प्रसंग इमाम गझाली (रह.) यांनी नमूद केला आहे. ह. वासिला बिन अस्कअ (रजि.) यांच्यासमोर एकाने तीनशे दिरहमांना उंटीण विकली. त्यांचे लक्ष नव्हते. लक्ष आले तोवर गिऱ्हाईक निघून गेले होते. वासिला (रजि.) त्याच्यामागे धावत गेले आणि विचारले, ही मांसासाठी घेतलीस की स्वारीसाठी? स्वारीसाठी, असे उत्तर आले. तेव्हा त्यांनी सांगितले की, हिच्या पायाला छिद्र आहे, ही लांबचा पल्ला गाठणार नाही. गिऱ्हाईक परतले, विक्रेत्याला शंभर दिरहम कमी करावे लागले, आणि तो वासिलांवर (रजि.) रागावला की तुम्ही माझा सौदा बिघडविलात. वाचकहो, लक्षात घ्या, उंटीण वासिलांची (रजि.) नव्हती, पैसे त्यांचे नव्हते. ते केवळ पाहणारे होते. तरीही ज्ञात दोष न सांगता गप्प राहणे त्यांनी आपल्यासाठी जायज मानले नाही.

यावर कोणी म्हणेल, दोष व्यवस्थेचा. वरून आलेल्या टार्गेटपुढे बिचारा कर्मचारी काय करणार? या म्हणण्यात तथ्य आहे. अमेरिकेतील वेल्स फार्गो या बँकेत विक्रीच्या टार्गेटखाली दबलेल्या कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न कळविता त्यांच्या नावे लाखो खाती उघडली होती. २०१६ साली तिला १८ कोटी ५० लाख डॉलरचा दंड झाला आणि त्या प्रकरणात सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना काढून टाकल्याचे उघड झाले. टार्गेट ठरविले वरच्यांनी, पण नोकऱ्या गेल्या त्या मुख्यतः खालच्यांच्या. हा अन्याय आहेच. पण यातून निष्कर्ष कोणता निघतो? ज्या व्यवस्थेसाठी आपण आपली जबान गहाण ठेवतो, ती संकटकाळी आपली जबाबदारी घेत नाही. इथेच जी घेत नाही, ती आखिरतमध्ये काय घेणार?

येथे मला स्वतःलाही आवरले पाहिजे. मी निवृत्तिवेतनावर जगतो. महिन्याच्या एक तारखेला माझ्या खात्यात रक्कम जमा होते. ज्याच्या घरी आजारी आई आहे, ज्याची पोरे फीअभावी वर्गाबाहेर उभी आहेत, त्याला "उद्याच राजीनामा द्या" असे सांगण्याचा अधिकार मला नाही. फिक्हमध्ये निकडीचा विचार केलेला आहे, आणि निकडीने मिळणारी मोकळीक निकडीपुरतीच असते हेही तेथेच सांगितले आहे. असा मनुष्य कामावर राहून दुसरे काम शोधील आणि हाती असलेल्या अधिकारात जितक्या लोकांना खरे सांगता येईल तितक्यांना सांगील. त्याच्याकडे तुच्छतेने पाहण्याचे पाप आपण करू नये. माझ्या विद्यार्थ्याची स्थिती तशी नव्हती. वडील कमावते होते, चूल पेटत होती. त्याच्यावर ओझे होते ते मुख्यतः आपल्या अपेक्षांचे.

होय, आपल्या. निकाह जमविताना मुलगा काय कमावतो हे आपण पहिल्या पाच मिनिटांत विचारतो. कसे कमावतो हे कोणी विचारल्याचे मला स्मरत नाही. आणि ही विक्री केवळ कॉर्पोरेट कार्यालयांतच चालते, असे समजून आपण निश्चिंत होऊ नये. उमराहच्या सहलींची जाहिरात करताना हॉटेल हरमपासून 'पायी चालण्याच्या अंतरावर' असल्याचे सांगणारे आणि तेथे पोहोचल्यावर वृद्ध हाजींना उन्हात बसची वाट पाहावयास लावणारे आपल्यातच आहेत. तेथे तर विक्रेत्याच्या जिभेवर दरूदही असते.

आता त्या मुलाविषयी. जो अल्लाहचे भय बाळगतो त्याला अल्लाह कल्पनाही नसलेल्या ठिकाणाहून रिज्क देतो, या कुरआनच्या वचनावर माझा ईमान आहे. परंतु त्याचा अर्थ पुढच्या महिन्यात बारा लाखांची नोकरी, असा लावणाऱ्यांशी मी सहमत नाही. दीड वर्ष झाले. तो परभणीतच शेतीपंप आणि पाइप विकणाऱ्या एका दुकानात चौदा हजारांवर काम करतो. नातेवाइकांची रक्कम हळूहळू फिटते आहे. मामा अजून बोलत नाहीत. अम्मी बोलतात, पण शेजारणीच्या मुलाला पुण्यात नोकरी लागली की दोन दिवस घरात शांतता असते, असे तो हसून सांगतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी त्याला तेव्हाच दिले होते: टाळ्या वाजत असलेल्या खोलीतून उठून जाण्यास लागतो त्याला दमच म्हणतात. ते मामांपर्यंत पोहोचले की नाही, ठाऊक नाही.

गेल्या जुम्याला नमाजनंतर तो मला मशिदीच्या पायऱ्यांवर भेटला. एका औषध कंपनीत वैद्यकीय प्रतिनिधीच्या जागेसाठी त्याला मुलाखतीचे बोलावणे आले आहे. "पुन्हा विक्रीच आहे, सर. जाऊ का?" असे त्याने विचारले. मी म्हटले, अवश्य जा. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने औषध कंपन्यांसाठी जी संहिता जारी केली तीत डॉक्टरांना भेटवस्तू देण्यास मनाई आहे. तुमच्याकडे ती कशी पाळली जाते, हे मुलाखतीत त्यांना विचार. आणि आपले औषध एखाद्या रुग्णासाठी योग्य नाही असे दिसले, तर डॉक्टरांना तसे सांगण्याची मुभा राहील काय, हेही विचार. तो म्हणाला, "हे विचारले तर ते घेणारच नाहीत." मी म्हटले, तसे झाले तर तुझा पेढ्यांचा खर्च वाचेल. मुलाखत पुढच्या मंगळवारी आहे. त्याने दोन्ही प्रश्न एका चिठ्ठीवर लिहून घेतले आहेत.