दार लावून घेताना

लिहिणाऱ्या, गाणाऱ्या किंवा चित्र काढणाऱ्या माणसाने जगाच्या हाकेला किती वेळा ओ द्यावी? प्रश्न जुनाच आहे. पण आपल्या आधीच्या पिढ्यांना तो स्वतःला विचारावा लागला नाही, कारण त्याचे उत्तर त्यांच्या वतीने दुसरेच कोणीतरी देत असे. पोस्टमन आपल्या वेळेला यायचा. ट्रंक कॉल लावायचा तर तासन्‌तास ताटकळावे लागे आणि मिनिटांचे पैसे मोजावे लागत, म्हणून माणूस कामापुरतेच बोलायचा. रात्री दूरदर्शनचे कार्यक्रम संपत, पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसू लागत आणि घरातला सर्वांत हौशी प्रेक्षकही निमूटपणे अंथरुणाकडे वळे. यात कोणाच्या संयमाचा काही भाग नव्हता. मर्यादा त्या साधनातच होती, आणि तिच्यावर कोणी रागावतही नसे.

आता ती मर्यादा उरलेली नाही. २००६ मध्ये आझा रास्किन या संगणकतज्ज्ञाने पडदा कितीही वर सरकवला तरी मजकूर संपूच नये अशी एक युक्ती काढली. पुढे त्यानेच तिच्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. पुस्तकाचे पान संपते, वर्तमानपत्र संपते, गल्लीच्या कट्ट्यावरच्या गप्पासुद्धा कोणाला तरी भूक लागली म्हणून संपतात. हे मात्र संपत नाही. त्यात २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि खर्चाचा शेवटचा बांधही फुटला. बाहेरून घातलेला बांध किती टिकतो तेही आपण पाहिले आहे. २०२० च्या जूनमध्ये सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामवर रील्स आली आणि जुनी सवय बिऱ्हाड बदलून नव्या घरी राहायला गेली.

तेव्हा ‘पुरे’ हा शब्द आता ज्याचा त्यालाच उच्चारायचा आहे. जे काम पूर्वी पोस्टखाते करीत होते ते आपल्या विवेकाच्या गळ्यात येऊन पडले आहे. म्हणूनच याला मी सोयीचा किंवा आरोग्याचा प्रश्न न म्हणता नीतीचा प्रश्न म्हणतो. कारण ‘पुरे’ म्हटले की कोणीतरी दुखावते. पोस्टमन उशिरा आला तर दोष पोस्टाचा. निळ्या खुणा उमटूनही उत्तर गेले नाही तर दोष माणसाचा. २०१४ मध्ये व्हॉट्सॲपने त्या निळ्या खुणा आणल्या आणि किती घरांत किती अबोले झाले असतील, देव जाणे!

आपल्याजवळचेच उदाहरण घेऊ. बेळगावपासून जेमतेम ८० किलोमीटरवर धारवाड. या एका गावात काही दशके दोन मोठे लेखक राहत होते. एक द. रा. बेंद्रे. घरची भाषा मराठी, आणि कवी कन्नडचे. ‘नाकु तंती’ या संग्रहासाठी त्यांना १९७३ चे ज्ञानपीठ मिळाले. दुसरे जी. ए. कुलकर्णी. महाविद्यालयात इंग्रजी शिकवायचे आणि कथा लिहायच्या मराठीत. बेंद्रे माणसांत रमणारे. १९२० च्या दशकात त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी ‘गेळेयर गुंपु’ नावाचे मित्रमंडळ उभे केले, आणि आधुनिक कन्नड साहित्याचा एक मोठा प्रवाह त्या मंडळीतून वाहिला. जी. ए. याच्या नेमके उलट. सभा नको, व्यासपीठ नको, सत्कार नको. भेटायला आलेल्या माणसाचीही त्यांना धास्ती वाटायची, असे त्यांना ओळखणारे सांगत आले आहेत.

सर्जनासाठी एकांत लागतो, हे वाक्य आपण इतक्या सहज बोलतो की बेंद्र्यांसारखा माणूस समोर आला की पंचाईत होते. आणि माणसांत राहिल्यानेच प्रतिभा फुलते असे म्हणावे, तर जी. ए. आडवे येतात. तेव्हा प्रश्न एकांत की सहवास असा नाहीच. दोघांनाही एक गोष्ट मिळत होती: कोणाला, केव्हा आणि किती भेटायचे हे त्यांचे त्यांना ठरवता येत होते. बेंद्र्यांचे मित्रही रात्री आपापल्या घरी जात. खिशात बसून मध्यरात्री हाक मारीत नसत.

जी. एं.ना माणूसघाणे म्हणण्याची घाई मात्र कोणी करू नये. या माणसाने पत्रे किती लिहिली! सुनीताबाई देशपांड्यांना लिहिलेल्या पत्रांचेच एक अख्खे पुस्तक झाले, शिवाय इतरांना लिहिलेली पत्रे वेगळी. ही पत्रे वाचताना तुटक, कोरडा माणूस भेटत नाही. थट्टा करणारा, पुस्तकांवर पोटभर बोलणारा, आपल्या माणसांची काळजी करणारा भेटतो. ज्याला दारात माणूस नको होता, त्याला पाकिटात माणूस हवा होता. पत्र आले तरी लगेच उत्तर देण्याचे बंधन नसे. चार दिवस ते टेबलावर पडून राही, उत्तर मनात जुळत जाई. तिकडे पाठवणाराही आठवडाभर निश्चिंत असे. त्या आठवड्याला कोणी अपमान मानीत नव्हते. आज तोच आठवडा आपण एकमेकांना नाकारला आहे, आणि जे हरवले ते बहुधा हेच आहे.

फोनला दोष देऊन मोकळे होण्याइतका हा विषय सोपा नाही, आणि आपल्या सीमाभागात तर नाहीच. इथल्या घराघरांतून मुलगी पुण्याला, मुलगा बंगळुरूला, भाऊ आखाती देशात. नातू कन्नड किंवा इंग्रजी शाळेत जातो, घरात मराठी बोलतो, पण देवनागरी वाचताना अडखळतो. अशा नातवाला आज्जी फोनवर गोष्ट सांगून पाठवते आणि तो ती तीनदा ऐकतो. खानापूर तालुक्यातल्या एखाद्या खेड्यात बसलेल्या कवीला पूर्वी आपली कविता छापून यायला संपादकाच्या मर्जीची वाट पाहावी लागे. आज त्याच संध्याकाळी ती इंदूर-बडोद्यापर्यंत पोचते. जिथे मराठी पाटीसुद्धा वादाचा विषय होते, तिथे खिशातला हा एवढासा मराठी कट्टा काय मोलाचा आहे, हे पुण्या-मुंबईच्या माणसाला कदाचित कळणार नाही. तेव्हा फोन फेकून द्या असा उपदेश मी करणार नाही. ज्याला करायचा असेल त्याने आधी आपल्या दूरच्या लेकीला पोस्टकार्डावर खुशाली कळवून पाहावी.

मग बिघडते कुठे? वेळ जातो हे खरे, पण वेळ पूर्वीही जात होता. पत्ते होते, चौकातल्या चकाट्या होत्या. माझ्या मते खरी हानी वेळेची नाही. फोनमुळे मनातली गोष्ट कच्ची असतानाच बाहेर पडते.

एखादी प्रतिमा सुचते. ती चार-सहा दिवस मनात राहिली असती तर तिला दुसरी येऊन मिळाली असती, दोघींची जुंपली असती, त्यातून कदाचित एक कथा उभी राहिली असती. पण हातात फोन आहे. दोन ओळी लिहून त्या गटावर टाकल्या जातात. पाच मिनिटांत अंगठे येतात, फुले येतात, ‘वा!’ येतो. आणि नवल असे की त्या ‘वा’ने ती प्रतिमा शमते. तिची मनातली तगमग संपते. कौतुक खोटे नसते, माणसेही वाईट नसतात. पण भूक लागण्याआधीच पोट भरावे तसे होते. कथा मात्र मागे राहते, आणि ती मागे राहिली हे लेखकालाही कळत नाही, कारण जी जन्मलीच नाही तिची उणीव कशी भासणार?

याच्या पुढची पायरी अधिक घातक. कोणत्या ओळीला जास्त अंगठे येतात हे हळूहळू उमगते. आईवर लिहिले की येतात, पावसावर लिहिले की येतात, सीमाप्रश्नावर त्वेषाने लिहिले की धो धो येतात. प्रामाणिक माणूससुद्धा नकळत त्या दिशेला सरकतो. राजाश्रयाने भाट निर्माण केले असे आपण शाळेत शिकलो. तिथे राजा एकच होता आणि तो ओळखू येत होता. इथे राजा दिसत नाही, आणि तरीही मुजरा चालूच राहतो.

इथे मला जात्याची आठवण होते. ओव्या कुठे जन्मल्या? पहाटे, दळताना. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह गोळा केलेल्या महाराष्ट्रातल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या लाखाच्या वर जाते. अक्षरओळख नसलेल्या बायकांनी एवढे सारे रचले. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींची गाणीही अशीच घरकाम, शेतकाम करता करता झालेली. त्या १९५१ मध्ये गेल्या आणि त्यांच्या गाण्यांचे पुस्तक निघाले ते १९५२ मध्ये. जात्याचे कौतुक करण्याचा माझा हेतू नाही. ते काबाडकष्ट होते आणि पिठाची गिरणी आली तेव्हा बायकांनी सुटकेचा निःश्वास टाकला, तो योग्यच होता. पण जात्याचा एक गुण विसरता येत नाही. ते हात अडकवून ठेवी आणि मन मोकळे सोडी. फोनचे नेमके उलटे आहे. तो देहाला काहीच काम सांगत नाही, आणि मनाला एक क्षणही सोडत नाही. बसची वाट पाहणे, दूध उतू जाईल म्हणून शेगडीजवळ उभे राहणे, दवाखान्याच्या बाकावर नंबर येईपर्यंत बसणे, हे आपले आजचे जाते. तेवढ्या फटी आपण बुजवून टाकल्या तर सुचायचे कुठे?

कुमार गंधर्वांची गोष्ट इथे सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण ते आपल्या जिल्ह्यातले, सुळेभावीचे. जन्म १९२४ चा. ऐन उमेदीत क्षयाने गाठले, हवापालटासाठी १९४८ मध्ये ते देवासला गेले आणि काही वर्षे गाणे पूर्ण बंद झाले. अंथरुणावर पडल्या पडल्या कानावर येत राहिली ती माळव्याची लोकगीते. ती त्यांनी ऐकली, पारखली, आणि त्यांच्या धुनांतून पुढे नवे राग घडले. आजारपण हे वरदान होते असे म्हणण्याचा क्रूरपणा मी करणार नाही. भानुमतीबाईंनी केलेली शुश्रूषा आणि नव्याने निघालेले औषध नसते तर ही गोष्ट सांगायला उरलीच नसती. पण न गाण्याची ती वर्षे रिकामी गेली नाहीत, कारण ऐकणे चालू होते. कुठे काही ऐकवायचे नव्हते म्हणून कदाचित ते ऐकणे इतके खोल गेले.

आता एक अडचणीचा प्रश्न, ज्याला बगल देणे बरे नव्हे. दार लावून घ्या, एक तास कोणाला भेटू नका, असे मी म्हणतो तेव्हा ते दार कोणाचे? आपल्या मध्यमवर्गीय घरांत लिहिणाऱ्या पुरुषाला खोली नसली तरी ‘ते लिहिताहेत’ एवढे वाक्य मिळे आणि घर आवाज कमी करी. ते वाक्य बाईच्या वाट्याला किती वेळा आले? माझ्या माहितीतल्या एक बाई आहेत, शहापुरात राहतात. सासर मोठे, येणे-जाणे कानडी आणि मराठी दोन्हींकडचे. रात्री स्वयंपाकघर आवरून झाले की ओट्याला टेकून त्या फोनवरच लिहितात. चांगले लिहितात. त्यांना फोन दूर ठेवा असे सांगायला मी गेलो असतो तर त्यांनी विचारले असते, मग लिहू कशावर? वही घेऊन बसले तर घरभर दिसते. फोन घेऊन बसले तर कोणी विचारीत नाही. त्यांच्यापुरता फोन हाच दाराआडचा कोपरा होता.

म्हणून मर्यादा हा एकट्याने करायचा निश्चय आहे असे मला वाटत नाही. ती घराने मिळून द्यायची गोष्ट आहे. एकट्याचे निश्चय संक्रांतीच्या आत मोडतात, हे आपण दर वर्षी अनुभवतो. घराने ठरवले तर गोष्टी साध्या असतात. म्हाताऱ्या आईचा फोन आला तर तो वाजलाच पाहिजे, तिचा हक्क पहिला; पण चौदा गटांतली सुप्रभाते वाजण्याचे कारण नाही. उत्तरे संध्याकाळी एकदाच जातील, हे नातेवाइकांना एकदा स्पष्ट सांगितले की दोन दिवस फुरंगटतात, मग सवय होते. लिहिलेले काही दिवस कोणालाच न दाखवणे सर्वांत कठीण, आणि त्याला कोणतेही यंत्र मदत करीत नाही. मुलांच्या बाबतीत तर बोलूच नये. बापाच्या हातात फोन आणि तोंडात उपदेश असेल तर मूल काय उचलणार ते सांगायला मानसशास्त्रज्ञ लागत नाही. आणि हेही सांगून टाकावे, की शांतता मिळाल्याने कोणी लेखक होत नाही. भरपूर शांतता मिळून एक ओळ न लिहिलेली माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत.

शहापुरातल्या त्या बाईंच्या घरी गेल्या पावसाळ्यापासून एक बदल झाला आहे. सुनेनेच पुढाकार घेतला म्हणतात. रात्री नऊ ते दहा सगळ्यांचे फोन देवघराशेजारच्या फडताळात जातात, फक्त घरचा एक आवाज मोठा करून बाहेर ठेवतात. बाईंनी दोनशे पानी वही आणली आहे. पहिले आठ-दहा दिवस हात नुसताच फोनकडे जायचा, असे त्या हसत सांगत होत्या. आता वही निम्मी भरली आहे. गटावर त्यांचे काही येईनासे झाल्याने दोघी-तिघींनी तब्येतीची चौकशीही केली. वहीत काय आहे ते मात्र त्यांनी अजून कोणाला दाखवलेले नाही.