सवयीचे नाम



चाळीस वर्षे कीर्तनसेवा केली आणि त्यात एक गोष्ट पुष्कळदा सांगितली. ओठ हलतात, टाळ वाजतो आणि मन बाजारात हिंडते, असे नाम काय कामाचे? पोपटही शिकवलेले बोलतो. श्रोते माना डोलवीत. एकदा जागराच्या कीर्तनात मागे उभे असलेले आमच्या गावचे एक वृद्ध टाळकरी पेंगत होते, पण हातातला टाळ बिनचूक ठेक्यावर पडत होता. मी सर्वांदेखत म्हणालो, "बाबा, टाळ जागा आहे, तुम्ही झोपलात." सगळे हसले. तेही हसले.

तीन वर्षांपूर्वी मला अर्धांगवायूचा झटका आला. उजवे अंग गेले, वाचा गेली. लोक बोलत ते समजे, पण आपला शब्द जिभेपर्यंत येत नसे. तिसऱ्या दिवशी तहान लागली म्हणून तोंड उघडले, तर बाहेर आले "रामकृष्णहरी". पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. शेजारच्या खाटेजवळ बसलेल्या तरुणाने हात जोडले. "महाराजांची केवढी निष्ठा!" म्हणाला. मला पाणी हवे होते हो.

डॉक्टरांनी पुढे समजावून सांगितले. बोलण्याचा कारभार बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला असतो. पॅरिसच्या ब्रोका नावाच्या डॉक्टरांनी १८६१ साली ते दाखवायला सुरुवात केली. त्यांच्या रुग्णाला 'टॅन' एवढेच बोलता येई. मनातले नवे वाक्य जुळवून बोलणे वेगळे आणि घोटून पाठ झालेले तोंडातून निघणे वेगळे. पहिले बंद पडले तरी दुसरे पुष्कळदा शिल्लक राहते. म्हणून अशा माणसाला कधी आकडे मोजता येतात, कधी प्रार्थना म्हणता येते, कधी नुसती शिवी येते. माझ्या तोंडून शिवी आली नाही हे माझे भाग्य; गुण माझा नव्हे, घोटण्याचा.

अजामिळाची कथा मी किती वेळा लावली असेल! त्याने हाक मारली मुलाला, आणि धावले विष्णुदूत. ती सांगताना मी नामाचा महिमा गात असे. त्या हाकेत भाव होता का, हा प्रश्न मात्र झटकन ओलांडून जाई. आता तो माझ्याच खाटेवर येऊन बसला. त्याला मुलगा हवा होता, मला पाणी.

घरी आल्यावर भजनी मंडळी एकादशीला माझ्याकडे जमू लागली. पहिल्याच दिवशी मला वाटले, मृदंगवाला सम चुकतो आहे. डाव्या हाताने खुणा केल्या, चिडलो, टाळ खाली टाकला. तो बिचारा तीस वर्षे माझ्या साथीला उभा राहिलेला. मान खाली घालून वाजवीत राहिला. दोन एकादशा गेल्यावर नातवाने मोबाईलवर घेतलेले भजन मला ऐकवले. मृदंग आणि बाकीचे टाळ एकत्र होते. मीच बाहेर होतो. झटक्यात काहींची लय ओळखण्याची शक्तीही जाते, हे तेव्हा कळले. वाचा गेल्याचे दुःख मी सोसले होते, पण माझा कान चुकतो हे कबूल करायला त्याहून जास्त दिवस लागले.

वाचोपचार शिकवायला येणाऱ्या मुलीने मग दोन गोष्टी सांगितल्या. स्वीडनमध्ये १७४५ साली अशाच एका माणसाची नोंद झाली आहे. त्याला बोलता येत नव्हते, पण पाठ असलेली स्तोत्रे तो स्वच्छ म्हणे. मात्र सुरुवातीला कोणीतरी सोबत म्हणावे लागे. आणि जर्मनीत २०११ साली सतरा रुग्णांना तपासले, तेव्हा दिसले की अशा वेळी सुरापेक्षा ठेका आणि पाठ असलेले शब्द जास्त उपयोगी पडतात. मेंदूच्या आतल्या एका विशिष्ट भागाला इजा झालेल्यांना तर ठेका फारच. आतला ठेका डळमळला की बाहेरचा लागतो, असे मी आपले समजून घेतले. (परा, पश्यंती, मध्यमा, वैखरीत हे सगळे आधीच सांगितले आहे, असे कोणी म्हणू नये. मी त्या चार वाणींवर तासन्‌तास बोललो आहे. त्यातले मला खाटेवर काही ओळखू आले नाही.)

तेव्हापासून आमची मंडळी रोज माझा डावा हात धरून गुडघ्यावर ठेका देते. "अहो, घाई करू नका," म्हणते, आणि शब्द सोबत उचलते.

तर ते पहिले नाम कोणाचे? त्या क्षणी माझा भाव पाण्यात होता, याबद्दल मी स्वतःला फसवणार नाही. पण ते खोटे होते असेही म्हणवत नाही. पहाटे जात्यावर बसलेल्या आईने, काकड्याने, आळंदी-पंढरीच्या वाटेवरच्या दिंडीने ते माझ्या तोंडात ठेवले होते. मी जागा असताना ठेवले, पेंगत असताना ठेवले. मी नसतानाही ते राहिले, कारण मुळात ते एकट्या माझ्या भावावर उभे नव्हते. हे ज्याला चाळीस वर्षे कळले नाही, त्याने दुसऱ्याच्या पेंगण्याला हसावे?

ते टाळकरी बाबा आता नाहीत. गेल्या कार्तिकीला त्यांचा मुलगा भेटायला आला. मंडळीने माझा हात धरला, चार ठेके दिले. पाचव्याला मी म्हणालो, "चुकलो." त्याला संदर्भ कळला नाही. तो म्हणाला, "महाराज, पाणी हवंय का?"